आम्हाला पोहता का येत नाही?

पोहायला अंगात धमक लागते, असा एक समज आहे. तो तपासून पाहू. खेड्यात मुलगा पोहायला शिकतो तो विहिरीत. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, काकाने वरून ढकलून द्यायचे, आठवडाभर नाकातोंडात पाणी जायचे आणि मग हातपाय चालू लागतात. म्हणजे आधी विहीर लागते. ज्यांना विहिरीच्या काठाला पाय लावायची बंदी होती, कोणी वरून घागरीत पाणी ओतील म्हणून जे तासन्‌तास उभे राहत, त्यांनी सूर मारायचा कुठे?

गेल्या डिसेंबरात आम्ही अकराजण मराठवाड्यातून मालवणला गेलो. जेटीवरून होडीने कुरटे बेटावर. याच खडकाळ बेटावर शिवरायांनी 1664 साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला. किल्ला पाहिला आणि मग तटाबाहेरच्या खडकांजवळ स्नॉर्कलिंगसाठी होडी थांबवली. आमच्यात पोहणारे दोघेच, तेही नगरपालिकेच्या तलावात शिकलेले. बाकीच्यांनी होडीची कड घट्ट धरलेली. शेजारच्या होडीतून शेरा आला, "ह्यांना पाण्याची सवय नाही!"

खरे आहे, नाही. पण का नाही, हेही विचारा ना. याच कोकणात महाडचे चवदार तळे आहे. नगरपालिकेने ते 1924 साली सर्वांना खुले केले, ते कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तर सनातन्यांनी दूध, दही, शेण, गोमूत्राच्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 मध्ये. हा सगळा झगडा पिण्याच्या पाण्याचा. डुंबायची गोष्ट फार पुढची.

आमच्यातल्या पन्नाशीच्या मावशी सगळ्यांत आधी उतरल्या. "घाबरू नकात मावशी, जाकीट आसा," होडीवरचा पोरगा म्हणाला. मास्कमध्ये नाक बंद, श्वास तोंडातल्या नळीतून. दोनदा ठसका लागून त्या वर आल्या. तिसऱ्यांदा राहिल्या. खाली प्रवाळ, त्यावरून फिरणारे काळ्या पट्ट्यांचे मासे. हे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळावर पाय देऊ नका, असे पोराने बजावले. माशांना पाव मात्र त्यानेच टाकला. (ते बंद झालेले बरे.)

वर आल्यावर मावशी म्हणाल्या, "खाली एवढा उजेड आसतो व्हय?"

मग एकेक करून सगळे उतरले. गावी परतल्यावर आम्ही नगरपालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचची चौकशी केली. सध्या चारजणींची नावे दिली आहेत, त्यात मावशी आहेत. फी परवडत नाही अशा मुलींसाठी वर्गणी काढतो आहोत.