सोमवारी सेन्सेक्स, शनिवारी सॅम्पल फ्लॅट

पुण्यात तिशीला टेकलेल्या कुणालाही विचारा. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सव्वानऊ वाजले की एक डोळा मोबाइलवरच्या सेन्सेक्सवर. शनिवार-रविवार वाकड, रावेत, वाघोली, नाहीतर आंबेगाव. साइट व्हिजिट! मधल्या वेळात नोकरी वगैरे.

मला तर नोकरीही नाही, मी फ्रीलान्सर. बँकेच्या भाषेत ‘जरा बघू’. सॅलरी स्लिप नाही म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो आणि दोन-तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न आणायला सांगतात. तरीही गेले काही महिने मी फ्लॅट बघत फिरतेय. कारण, बाबा.

‘‘अगं, महिन्याला बावीस हजार त्या मालकाच्या घशात घालता तुम्ही दोघी! माझे वीस लाख नुसते पडून आहेत. ते घे आणि स्वतःचं काहीतरी कर.’’ ‘पडून आहेत’ हे शब्द लक्षात ठेवा, त्यावर येतेच मी.

आधी सॅम्पल फ्लॅट. हा एक वेगळाच प्रकार असतो, बॉस! आतल्या खोल्यांना दारं नसतात, भिंतभर आरसे असतात आणि पलंग असा, की माझे सव्वापाच फूट त्यावर तिरके झोपवावे लागतील. बाहेर आलं की कोल्ड कॉफी आणि ‘मॅडम, बजेट काय?’ त्यातल्या त्यात बरं म्हणजे मे २०१७ पासून महारेरा आहे. त्यामुळे कार्पेट एरिया विचारता येतो, आणि ताबा कधी देणार हे बिल्डरनं नोंदणी करताना काय लिहून दिलंय, ते घरबसल्या बघता येतं. बघाच. ब्रोशरवरची तारीख आणि तिथली तारीख सारखी असेलच असं नाही.

आता गणित. आम्ही भाड्यानं राहतो तसाच टू बीएचके, त्याच भागात, बांधकाम चालू असलेला, किंमत ७५ लाख. बँक फार तर ८० टक्के देणार, म्हणजे ६० लाख. माझे १५. स्टॅम्प ड्युटी पुण्यात ७ टक्के, बाईच्या नावावर एक टक्का सवलत (मुलगी असल्याचा एवढा एक फायदा!), म्हणजे साडेचार लाख. रजिस्ट्रेशन ३० हजार. जीएसटी ५ टक्के, पावणेचार लाख. झाले २३ लाख ५५ हजार, आणि अजून पार्किंग, ग्रिल, पंखे काही धरलेलंच नाही. बाबांचे २० लाखही पुरे पडत नाहीत. पुढे साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं, हप्ता ५२ हजार. व्याजच साधारण ६५ लाख होतं. भाडं २२ हजार, तेही दोघींत.

‘‘पण घराचा भाव पडत नाही,’’ हे बाबांचं पेटंट वाक्य. मला वाटतं, पडतो. फक्त दिसत नाही. शेअर बाजाराचं सगळं उघड्यावर. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला, दुसऱ्या दिवशी निवडणुकीचा निकाल लागताना जवळपास ४४०० नी आपटला. २३ मार्च २०२० ला तर एका दिवसात १३ टक्के साफ. आपल्या टू बीएचकेचा भाव असा रोज टीव्हीवर लाल अक्षरांत पळाला असता, तर किती जणांना रात्री झोप लागली असती? नोटाबंदीनंतर पुण्यात कित्येक फ्लॅटचे भाव दोन-तीन वर्षं होते तिथंच होते. महागाई धरली तर तोटाच की. पण कुणाच्या मोबाइलवर त्याची घंटी वाजली नाही.

याचा अर्थ बाजार भारी, असं मी म्हणत नाहीये. माझ्या रूममेटच्या ऑफिसातली निम्मी मुलं लंच टाइममध्ये ऑप्शन्स खेळतात आणि सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये स्वच्छ सांगितलंय, की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये आधीच्या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सचा तोटा झाला. उरलेल्या सात टक्क्यांत आपणच, असं त्या प्रत्येकाला वाटतं. माझी आपली साधी एसआयपी. महिना चांगला गेला तर थोडी जास्त, चेक अडकला तर बंद. होम लोनच्या हप्त्याला मात्र ‘या महिन्यात जमत नाहीये’ म्हणता येत नाही.

आणि ते ‘पडून’ असलेले २० लाख? बाबा साताऱ्याला कारखान्यात होते, पेन्शन नावापुरतं. २०२४ मध्ये त्यांनी हे पैसे पोस्टात, सीनियर सिटिझन स्कीममध्ये ठेवले, ८.२ टक्क्यांनी. दर तिमाहीला ४१ हजार. त्यातून आईच्या शुगरच्या गोळ्या, लाइट बिल, किराणा आणि भाच्याचा वाढदिवस निघतो. घर माझं होणार आणि किराणा त्यांचा बंद!

परवा फोनवर हे सगळं आकड्यांसकट सांगितलं आणि म्हटलं, ‘‘बाबा, तुमचे पैसे मी घेणार नाही.’’ बराच वेळ गप्प. मग, ‘‘तुझे स्वतःचे किती साठलेत?’’

‘‘साडेसहा लाख. फंडात.’’

‘‘म्हणजे बाजारात!’’

आईनं मागून काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, ‘‘बरं, नको घेऊस. पण शनिवारी मी येतोय. सकाळची एसटी आहे. तो पलंग मला एकदा टेप लावून मोजायचाय.’’