दारासमोरचा फोटो

डोंबिवलीतली पाळणाघरं लोकलच्या वेळापत्रकावर वाढली. सकाळी मूल सोडायचं, फास्ट पकडायची, संध्याकाळी भाजीच्या पिशवीबरोबर घरी न्यायचं. नोकरदार आयांची ही सोय सोसायटीतल्याच कुणा काकूंनी केली. पण त्याच सोसायटीत चार घरची धुणीभांडी करायला नेतिवलीच्या टेकडीवरून उतरणाऱ्या बाईचं मूल? ते बहुधा थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि बहिणीची शाळा बुडालेली.

कायदा डोकी मोजतो. २०१७च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं. १९४८च्या कारखाने कायद्यात ३०पेक्षा जास्त स्त्रिया ही अट होती, १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०पेक्षा जास्त. घोडबंदर रोडच्या टॉवरवर विटा वाहणाऱ्या बायका तीन ठेकेदारांकडे विभागल्या की आकडा कुठेच भरत नाही. घरकामवालीचे तर मालकच चार, आणि प्रत्येकाकडे ती एकटी.

अंगणवाडी १९७५पासून आहे. खाऊ, वजन, लसीकरण सगळं होतं; पण दुपारी तिला कुलूप लागतं आणि भांडी संध्याकाळीही पडतात.

राष्ट्रीय पाळणाघर योजनेनं दिवसाला साडेसात तास धरले, दारिद्र्यरेषेखालच्या घराला मुलामागे महिना २० रुपये शुल्क ठेवलं. २०२२पासून ती ‘पाळणा’ झाली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, ही त्यातली कल्पना. मला ती सगळ्यांत शहाणी वाटते, कारण ती बाईला तास देते. फक्त भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत पंचवीस मुलं झोपवायची कशी, हे कल्याणच्या कुठल्याही सेविकेला विचारावं!

तासांऐवजी मुलाच्या नावानं दरमहा रोख देते ती राज्याची बालसंगोपन योजना, आता सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची. आई किंवा बाप वारला, सोडून गेला, तुरुंगात आहे, दुर्धर आजारी आहे, अशा मुलाला १८ वर्षांपर्यंत आधी ४२५ रुपये मिळत, मग ११००, २०२३पासून २२५०. नवरा घरात आहे पण कमाई दारूत घालवतो, त्या बाईला यातून काही नाही. आणि जिला मिळू शकतं, ती ‘अनाथांची योजना’ समजून अर्जच करत नाही.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मग गृहचौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश. विधवेकडे निदान मृत्युदाखला असतो. सोडून गेलेल्या नवऱ्याचा दाखला कोण देणार? कागदांत आणखी एक गोष्ट लागते: घराच्या दारासमोर आई आणि मूल उभे असलेला फोटो. तो शेजारची पोरगी मोबाइलवर काढून देते. बाकीच्या कागदांसाठी ठाण्याच्या जिल्हा कार्यालयाची प्रत्येक फेरी म्हणजे चार घरी खाडा, आणि त्या दिवशी मूल कडेवर.