रबडीची झोप

प्रार्थना संपवून वर्गात जाणारी मुले सध्या मला एक प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, रबडी काल झोपली का?" पालकसभेत दोन-तीन मातांनी विचारले. परवा विश्वस्त मंडळाच्या बैठकीत चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सदस्यांनीही विचारले, तेव्हा ठरवले की एकदाच सगळे वार्तापत्रात लिहून टाकावे. या पानावर एरवी मी परीक्षा, गणवेश आणि शुल्क यांबद्दल लिहिते. या वेळी मांजराबद्दल.

रबडी ही आमच्या सहावीतल्या एका विद्यार्थिनीची मांजर. (मराठीत मांजर नपुंसकलिंगी आहे हे मला ठाऊक आहे. पण माझे सगळे शिक्षण हिंदीतून झाले आणि बिल्लीला "ते" म्हणायला माझी जीभ वळत नाही. मराठीच्या बाईंनी या लेखापुरते लाल पेन बाजूला ठेवावे.) मुलीच्या वडिलांची बदली झाली. नव्या गावी भाड्याचे घर मिळाले, पण घरमालक जनावर ठेवू देईना. टी.सी. घ्यायला आली तेव्हा रडून रडून तिचे डोळे सुजले होते. आमची मुले बाहेरगावी असतात. घरात मी, हे आणि ८३ वर्षांच्या माझ्या सासूबाई. मी तिला म्हटले, "आण बेटा आमच्याकडे. पण नाहीच जमले तर तिला दुसरे चांगले घर शोधावे लागेल, हे आत्ताच सांगते." तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मांजरीबरोबर एक वही आणून दिली. रबडी काय खाते, कशाला घाबरते, कुठे खाजवलेले तिला आवडते, सगळे सुवाच्य अक्षरात. शेवटची ओळ होती, "झोपली की उठत नाही. घाबरू नका."

नवीन मांजराला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे म्हणतात, तसे ठेवले. घमेल्यात वाळू, एका कोपऱ्यात पाणी, दुसऱ्यात खाणे, आणि लपायला पुठ्ठ्याचे खोके. खाण्याचा एक प्रश्न होता. आमच्या घरात अंडेही शिजत नाही. पण मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी, त्याला वरण-भातावर ठेवता येत नाही. तेव्हा बाजारातले तयार खाणे आणले. आईंनी कौतुकाने वाटीभर दूध दिले, ते बाधले. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, हे तेव्हा आम्हा सगळ्यांना कळले. हे सर्व आठवड्याभरात मार्गी लागले. झोपेचे मात्र लागेना.

मांजर दिवसातले १२ ते १६ तास झोपते, त्यामुळे ती झोपते याचे नवल नव्हते. नवल जागेचे होते. मऊ गादी सोडून ती इन्व्हर्टरच्या कपाटाला पाठ लावून झोपायची. तिथून उठली की फ्रीजला चिकटून. कपडे धुण्याचे यंत्र सुरू केले की धावत येऊन त्याच्यावर, आणि ते गरगर फिरत असताना तिला गाढ झोप. कुकरच्या शिट्ट्या होवोत, दाराची घंटा वाजो, तिचा कान हलत नसे. एका संध्याकाळी खिडकीखालून वरात गेली. इंदूरची वरात म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. बँड, डीजे, फटाके, सगळे होते. रबडी पोट वर करून झोपलेली. पण त्याच रबडीला कोणी मागून अलगद हात लावला की ती हातभर उंच उडायची आणि नखे काढायची. ह्यांच्या मनगटावर तीन ओरखडे आले.

रात्री याच्या उलट. सराफ्यासारखा तिचा बाजार सगळी दुकाने बंद झाल्यावर उघडायचा. अकराला दिवे मालवले की पाच मिनिटांत ती हॉलच्या मधोमध उभी राहून ओरडू लागे. साधे म्याव नव्हे, तान्ह्या बाळाला चिमटा काढावा तसा टाहो. चार वाजेपर्यंत अधूनमधून तेच. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पहिल्यांदा काळजीने विचारले, "भाभीजी, सगळे ठीक आहे ना?" चौथ्या दिवशी त्यांच्या विचारण्यात काळजी नव्हती. ह्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, झोप मोडून चालत नाही. नवव्या दिवशी ते म्हणाले, "मुलीला शब्द दिला आहे हे मान्य. पण संक्रांतीपर्यंत पाहू, नाही तर दुसरे घर बघावे लागेल." त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. मला मात्र ती वही दिसत होती.

लसीसाठी पशुवैद्यांकडे नेले, तेव्हा त्यांनी आधी तिचा रंग पाहिला, मग डोळे. सगळी पांढरी आणि दोन्ही डोळे निळे. त्यांनी तिच्या डोक्यामागे एक पुठ्ठा धरला, वारा लागू नये म्हणून, आणि त्यामागे किल्ल्यांचा जुडगा जोरात वाजवला. कान तसेच्या तसे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. म्हणाले, "मॅडम, हिला ऐकू येत नाही. बहुधा जन्मल्यापासूनच."

विद्यार्थी मित्रांनो, हा योगायोग नव्हे. मांजराला पांढरेशुभ्र करणारा जो जनुक आहे, तोच कधी कधी कानाच्या आतल्या भागाचाही घात करतो आणि पिल्लू काही आठवड्यांचे होईपर्यंत तिथल्या ऐकणाऱ्या पेशी नष्ट होतात. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत निम्म्याहून जास्त बहिरी निघतात, सगळी नाहीत. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात, एका गुणाबरोबर दुसरा गुण कसा बांधलेला असतो हे सांगताना, याच मांजरांचे उदाहरण दिले आहे. एरवी मांजराचा कान फार तिखट. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० हजारांच्याही वरचे. रबडीच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. म्हणून ती इन्व्हर्टरला, फ्रीजला पाठ लावून झोपत होती. त्यांची थरथर तिला अंगातून कळते. घरात काहीतरी चालू आहे, एवढी खात्री तिला त्यातून मिळत असावी.

दिवसाचे कोडे सुटले. रात्रीचे आईंनी सोडवले.

आई रात्री कानातले मशीन काढून डबीत ठेवतात. त्यामुळे या साऱ्या गोंधळात शांत झोपणाऱ्या घरात त्या एकट्याच. सकाळी आम्ही तारवटलेल्या डोळ्यांनी चहाला बसलो असताना मी त्यांना बहिरेपणाचे सांगितले. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, मग दिवा का मालवता? मशीन काढले की मला तुमची चाहूल लागत नाही. त्यावर अंधार केला की घरात कुणीच नाहीसे वाटते. मी माझ्या खोलीतला झिरोचा बल्ब उगीच जाळते का?"

तो बल्ब गेली सात-आठ वर्षे रात्रभर जळतो. आम्ही समजत होतो, पडू नये म्हणून.

त्याच संध्याकाळी हॉलमध्ये झिरोचा बल्ब लावला आणि आईंच्या खोलीचे दार उघडे ठेवले. पहिल्या दोन रात्री फरक थोडा पडला. तिसऱ्या रात्री रबडी एकदाच ओरडली, हॉलमधून चालत आईंच्या पलंगापर्यंत गेली आणि त्यांच्या पायाला पाठ लावून झोपली. आता तीच तिची जागा. आईंनी कूस बदलली की ती डोळे उघडून बघते आणि पुन्हा मिटते. झोपण्याआधी अर्धा तास तिला दोरीमागे पळवतो आणि मग खाणे देतो, त्याचाही उपयोग झाला. मांजरे मूळची पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघणारी. शिकार, जेवण, मग झोप हा क्रम त्यांच्या अंगातच आहे.

तिला उठवायचे असेल तर आम्ही समोरून जातो, नाही तर पलंगाच्या लाकडावर दोनदा थापटतो. खालच्या फरशीवर कितीही पाय आपटले तरी तिला कळत नाही, लाकडावर कळते. जेवणाची वेळ झाली की दिवा दोनदा उघडमीट करतो. बाहेर मात्र सोडत नाही. रस्त्यावर गाडी आणि कुत्रा दोन्ही मागून येतात.

चौथीत आमचा एक विद्यार्थी कानाला मशीन लावतो. त्याच्या आईच्या परवानगीने लिहीत आहे. त्याने मला व्हरांड्यात थांबवून विचारले, "रबडीला मशीन का नाही लावत?" मी सांगितले, मांजरांसाठी तसे करत नाहीत. तो जरा विचार करून म्हणाला, "मग तिच्याशी बोलताना तोंड तिच्याकडे ठेवत जा." त्याच्या वर्गशिक्षिका फळ्यावर लिहिता लिहिता कधी बोलत नाहीत. लिहून झाले की वळतात, मग बोलतात.

संक्रांत झाली. दुसऱ्या घराचा विषय ह्यांनी पुन्हा काढला नाही. तिळगुळाबरोबर त्यांनी दोन जास्तीचे झिरोचे बल्ब आणून ठेवले, एक गेलाच तर असावा म्हणून. खालच्या शेजाऱ्यांना मी स्वतः तिळगूळ देऊन आले.

रविवारी त्या मुलीचा फोन येतो. हाक मारून उपयोग नाही, म्हणून ती पडद्यासमोर हात हलवते आणि रबडी पंजा मारते. मे महिन्यात ती आजोळी इंदूरला येणार आहे. मी तिला पशुवैद्यांनी सांगितलेले सगळे सांगितले, आणि म्हटले की आलीस की एकदम हात लावू नकोस, आधी पलंगावर थापट. ती म्हणाली, "मॅडम, मी तर फुंकर घालते. हळूच, डोक्यावर. ती लगेच उठते." वहीत हे लिहायचे राहून गेले होते.