भरपाई

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून बैलाचा सौदा ठरताना आम्ही अनेकदा पाहिला आहे. २०२२ मध्ये औरंगाबादच्या एका पित्याने, मुलीचा मृत्यू करोनाच्या लशीमुळे झाला असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयात हजार कोटींची भरपाई मागितली, तेव्हा आमच्या तोंडून त्या बाजाराचाच शब्द निघाला: ‘एवढे?’ मागाहून शरमलो.

अमेरिकेत बालकांच्या लशींसाठी १९८६ चा कायदा आहे. उत्पादकाचा दोष सिद्ध न करताही, प्रत्येक मात्रेवरील करातून भरपाई मिळू शकते. आपल्याकडे तेव्हा तशी तरतूद नव्हती. दुःखाला आधी आरोपी शोधावा लागे.

लशींनी असंख्य जीव वाचवले, हे आम्ही मानतोच. म्हणूनच ज्याला अपाय झाला, त्याचे देणे सर्वांचे. ‘भरपाई’ने काही भरून येत नाही, पण अपाय झाला, एवढी कबुली तिच्यात असते.