बाराने कुठे भागावं

साडेसहा फुटी लोखंडी कपाट बाराने भागलं की साडेसहा इंचांचं होतं. तीन फूट रुंदी तीन इंचांवर येते आणि एकोणीस इंच खोली दीड इंचाच्या जरा पुढे जाते. इथवर हिशेब सरळ आहे. पण त्याच कपाटाचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाड असतो. तो बाराने भागला तर ०.०७ मिलिमीटर येतो, म्हणजे झेरॉक्सच्या साध्या कागदाहून पातळ. असलं कपाट हात लागताच चेपणार, आणि नाही चेपलं तरी त्याचं दार बिजागरीवर फिरणार नाही. बाहुलीघरात एक फूट म्हणजे एक इंच, त्यामुळे त्याचं फर्निचर करायला बसणाऱ्याला ही अडचण पहिल्याच वस्तूला भेटते. मग काही जण प्रत्येक माप निष्ठेने भागत राहतात आणि कागदाशी झगडतात. काही जण कंटाळून मोजपट्टी बाजूला ठेवतात आणि 'दिसायला बरं दिसतंय ना' एवढ्यावर काम उरकतात. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं असं की भागायची मापं कुठली आणि सोडायची कुठली, यांच्यातली रेघ बरीच स्पष्ट आहे. माणसाच्या शरीराला लागणारी मापं सुतभरही हलवू नयेत. साहित्याच्या स्वभावातून आलेली मापं मात्र बिनदिक्कत सोडावीत. आपला मिस्त्री नकळत हा भेद पाळतोच: लांबी तो फूट-इंचात सांगतो, प्लायची जाडी एमएममध्ये आणि चूक सुतात.

आधी शरीराची बाजू बघू. खुर्चीची बैठक जमिनीपासून अठरा इंचांवर असते, कारण गुडघ्याखालचा पाय साधारण तेवढा असतो. जेवणाचं टेबल तीस इंच उंच असतं, कारण बसलेल्या माणसाचं कोपर तिथवर येतं. एकास बाराच्या प्रमाणात हे अनुक्रमे दीड आणि अडीच इंच झालं. यातली बैठक एक सूत वर गेली तर खऱ्या खुर्चीत ती दीड इंचाने चढली, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खुर्ची अवघडलेली वाटते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांनी १९३०च्या दशकात करवून घेतलेल्या ६८ लघुखोल्या आहेत. त्याही एकास बाराच्याच, पण त्यांत एकही माणूस नाही. तरीही त्या राहत्या वाटतात, कारण खुर्चीची बैठक, दाराची मूठ, जिन्याची पायरी ही सगळी मापं न दिसणाऱ्या शरीराची आठवण देतात. म्हणून मी म्हणतो की आधी बाहुली ठरवावी, मग घर. आपल्याकडे घरोघरी असते ती साडेअकरा इंची बार्बी. तिच्यासाठी सहाने भागावं लागतं आणि घराची जमीन चौपट होते. आणि बाहुली ठरवताना ती कुठली बाई आहे हेही ठरवावं. परदेशी आराखड्यांत स्वयंपाकाचा कट्टा तीन इंच उंच काढलेला असतो, कारण तिकडचा कट्टा छत्तीस इंचांचा. मुंबईशेजारच्या मीरा रोडच्या स्वयंपाकघरातला ओटा बहुधा बत्तीस ते चौतीस इंचांत असतो, कारण त्यासमोर उभी राहणारी बाई पाच फुटांच्या आसपासची असते. तो पावणेतीन इंचांचा हवा. ही पाव इंचाची तफावत साधी नाही, ती बाहुलीच्या खांद्यात दिसते. तीन इंची ओट्यापुढे पाच इंची बाहुली उभी केली की तिला पोळी लाटायला हात उचलून धरावे लागतात.

साहित्याची बाजू याहून मजेदार आहे, कारण इथे भागाकार कधी चालतो, कधी अजिबात चालत नाही, आणि ते आधीपासून ओळखता येत नाही. एकोणीस एमएमचा प्लाय बाराने भागला की दीड एमएमच्या जरा वर येतो. तेवढ्या जाडीची पातळ लाकडी पट्टी मिळते, त्यामुळे वॉर्डरोब आणि बॉक्सबेड सरळ हिशेबाने होतात. त्यावरचं सनमायका एक एमएमचं; भागलं की पुन्हा ०.०८, म्हणजे कागद. पण सनमायका मुळातच छापील कागदावर राळ चढवून दाबलेला पत्रा असतो. तेव्हा छोट्या कपाटावर सागाच्या नक्षीचा छापील कागद चिकटवणं ही लबाडी नाही, खऱ्या वस्तूची ती जवळजवळ अचूक पुनरावृत्ती आहे. स्टीलची वाटीही अशीच सुटते. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी बनवणारे कारखाने बरेच आहेत. त्यांचा अर्धा मिलिमीटरचा पत्रा भागला की हॉटेलातून जेवण येतं त्या फॉइलच्या डब्याच्या जवळ जातो. तो डबा कापून, पेनाच्या टोपणाच्या गोल टोकावर दाबून वाटी करावी, छान जमते. सागाचं मात्र उलटं. खऱ्या टेबलाला साग शोभतो, पण सागाच्या लाकडातली छिद्रं पाव मिलिमीटरच्या वरची असतात. बाहुलीच्या टेबलावर ती बाहुलीला तीनसाडेतीन मिलिमीटरच्या खाचा वाटतील. म्हणजे सागाचं टेबल सागाचं दिसावं म्हणून साग टाळावा लागतो. हळदू, ज्याला कोकणात हेदू म्हणतात, किंवा काळा कुडा यांसारखं बारीक पोताचं लाकूड घेऊन त्यावर सागाचा रंग चढवावा. चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची होतात ती याच गुणामुळे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी वेगळी वाट काढली. पांगारा हलका, मऊ आणि कापायला सोपा, पण दिसायला सामान्य. त्यांनी तो रंगाखाली पूर्ण झाकला आणि पोताचा प्रश्नच मिटवला.

कापड तर हट्टीच. लाकूड निदान कापता येतं. कापडाची चुणी कापता येत नाही. चुणी किती मोठी पडणार हे कापडाचा ताठपणा आणि त्याचं वजन मिळून ठरवतात, आणि कापड तेच ठेवून पडदा बारापट लहान केला तरी चुणी लहान होत नाही. खऱ्या पडद्यात शोभणारी वळणं सात इंची पडद्यात तशीच राहतात आणि पडदा पुठ्ठ्यासारखा बाहेर येतो. म्हणून जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमल घ्यावं, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवावं आणि चुण्या टाचण्यांनी अडवून वाळू द्यावं. गादीचंही तेच. बाहुलीला वजन नसतं, त्यामुळे ती बसली तरी गादी दबत नाही. खळगा आपण आधीच करून ठेवायचा. या सगळ्याचं मूळ एकाच गणितात आहे. लांबी बाराने कमी झाली की क्षेत्रफळ १४४ पटींनी कमी होतं आणि घनफळ, म्हणून वजनही, १७२८ पटींनी. म्हणजे बाहुलीची खुर्ची स्वतःच्या वजनाच्या मानाने खऱ्या खुर्चीच्या बारापट मजबूत असते. तिला चूल-साल सांध्याची गरजच नाही. सपाट टोकं नीट घासून चिकटवली तरी ती वर्षानुवर्षं टिकते. खाडी आणि मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्यांना खरा त्रास होतो तो ताकदीचा नाही, ओलाव्याचा. पावसाळ्यात पाण्यावर आधारलेला गोंद एकाच बाजूला लावला की पातळ पट्टी तासाभरात वळते. दोन्ही बाजूंना काहीतरी लावावं, नाहीतर वजनाखाली ठेवून द्यावी.

यावर एक आक्षेप गंभीर आहे, आणि तो इतिहासातून येतो. ॲमस्टरडॅमच्या रायक्स म्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन हिचं बाहुलीघर आहे, साधारण १६८६ ते १७१० या काळात घडलेलं. तिने वस्तू खऱ्या साहित्यातूनच करवून घेतल्या. बशा खऱ्या पोर्सेलिनच्या, कापडं खऱ्या रेशमाची. मग साहित्य सोडा म्हणणारा मी कोण? पण खरं साहित्य वापरणं वेगळं आणि साहित्याचं खरं माप पाळणं वेगळं. रेशीम खरं होतं, पण ते मिळेल तितकं तलम निवडलेलं होतं. रेशमाचा धागा कोणी प्रमाणात भागला नव्हता, कारण किड्याला ते सांगता येत नाही. उलट बाजूचं उदाहरण एडविन लुटियन्स यांचं आहे. नवी दिल्ली आखणाऱ्या याच वास्तुरचनाकाराने राणी मेरीसाठी बाहुलीघर रचलं, ते १९२४मध्ये पुरं झालं आणि आज ते विंडसर किल्ल्यात आहे. ते एकास बाराचं. त्यात विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते आणि नळांना खरं पाणी येतं. कौतुक करावं असंच काम आहे, पण पाण्यापाशी ते हरतं. पाण्याचा थेंब आपल्या मापाचाच पडतो, चार-पाच मिलिमीटरचा. त्या नळाखाली उभ्या माणसाला तो लिंबाएवढा दिसेल. पाणी दाखवायचं असेल तर पारदर्शक राळेचा एक बारीक थर बादलीत ओतावा. तो खोटा आहे, पण पाण्यासारखा दिसतो.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो आणि तो मला जास्त आवडतो. आपल्याकडे लहान वस्तूंची परंपरा मोठी आहे, पण तिने प्रमाण कधी मानलं? भातुकलीतली चूल, जातं, कळशी आणि पोळपाट-लाटणं एका प्रमाणात नसतं. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज दरवाज्यापेक्षा उंच बसतात आणि त्याने कोणाचंही काही अडत नाही. मग हा बाराचा अट्टहास कशाला? याचं उत्तर असं की भातुकलीलाही प्रमाण आहे, फक्त ते बाहुलीचं नाही, खेळणाऱ्या मुलीच्या हाताचं आहे. लाटणं दोन्ही मुठींत मावलं पाहिजे, कळशी एका हाताने उचलता आली पाहिजे. म्हणजे तिथेही शरीराचंच माप चालतं. किल्ल्यावर ते माप मानाचं असतं. महाराज मोठे दिसायलाच हवेत. नियम मोडलेला नाही, शरीर बदललं आहे. बाहुलीघरात शरीर बाहुलीचं, म्हणून बारा. तेव्हा सावंतवाडीचा सुंदर लाकडी पाळणा किंवा भातुकलीतलं पितळी जातं बाहुलीच्या खोलीत आणून ठेवण्याचा मोह आवरावा. ती वस्तू दुसऱ्या शरीरासाठी केलेली असते आणि खोलीत ते लगेच उघडं पडतं.

यंत्रांबद्दल थोडक्यात. राळेच्या थ्रीडी प्रिंटरवर आता बारीक जाळी आणि नक्षी निघते, लेझरने एमडीएफ कापून मिळतं. मग हाताने का करायचं, असं विचारतात. यंत्राला माझी हरकत नाही. अडचण फाइलमध्ये असते. खऱ्या खुर्चीची फाइल एकदम बाराने लहान केली की प्रत्येक माप भागलं जातं, पाठीच्या दांड्या काड्यांसारख्या होतात आणि हाताळताना मोडतात. म्हणून मग दुकानदार सगळंच थोडं जाड करतो, आणि त्या जाड करण्यात बैठकही वर जाते. कुठलं माप हलवायचं आणि कुठलं नाही, हा निर्णय यंत्र घेत नाही. लेझरच्या कापाची जळकी तपकिरी कड घासावी लागते, ते तर हातानेच.

आता घर कुठलं करावं याबद्दल. या छंदात पडणारे बरेच जण व्हिक्टोरियन दिवाणखान्यापासून सुरुवात करतात, कारण आराखडे तसलेच मिळतात. मला वाटतं मीरा रोडचा वन बीएचके करावा. कारणं भावनिक नाहीत. पहिलं, तो मावतो: समजा चारशे चौरस फुटांचा फ्लॅट, वीस बाय वीस. एकास बारात तो वीस इंच बाय वीस इंच होतो, उंची साडेनऊ इंच, आणि फ्रीजवर बसतो. राणीचं घर ठेवायला राजवाडा लागतो. दुसरं, त्यातली मापं कोणी जपून ठेवलेली नाहीत. स्टेशनच्या पूर्वेला ऐंशी-नव्वदच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती आता पुनर्विकासाच्या बैठकांत आहेत, आणि त्यांच्याबरोबर खोलीत बसवून केलेला बॉक्सबेड, सोफा-कम-बेड, भिंतीतला शोकेस, खिडकीबाहेरची बॉक्स ग्रिल हे सगळं भंगारात जाईल. संग्रहालयात नक्षीदार देव्हारा जातो. बॉक्सबेड कोणी मागत नाही. आणि तिसरं कारण कसबाचं आहे: या खोल्यांत मापं एकमेकांना टेकलेली असतात, त्यामुळे वरचा भेद इथे जितका कसाला लागतो तितका दिवाणखान्यात लागत नाही.

नऊ फूट रुंदीची बेडरूम घ्या. एका भिंतीला चिकटून सहा फुटी पलंग, समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट. एकशेआठ इंचांतून बहात्तर गेले, कपाटाची खोली एकोणीस गेली. मधे उरले सतरा. कपाटाची रुंदी छत्तीस इंच, दोन दारं, म्हणजे एक दार अठरा इंचांचं. दार सरळ उघडताना गादीच्या कडेला लागणारच, एका इंचाने. अशा घरांत माणसं कपाट अर्धं उघडून हात आत घालायला शिकलेली असतात. लघुरूपात तो एक इंच दोन मिलिमीटरचा होतो, आणि इथेच पत्र्याऐवजी वापरलेल्या पुठ्ठ्याची जाडी घात करते. कपाटाची भिंत ०.०७ ऐवजी अर्ध्या मिलिमीटरची केली आणि ती वाढ बाहेर गेली, तर कपाट पुढे सरकतं आणि दार पलंगाला नुसतं घासण्याऐवजी मधेच अडकून बसतं. त्यावर उपाय म्हणून पलंग थोडा अरुंद केला, तर दार मोकळं फिरतं आणि खोली खोटी पडते. म्हणून वाढलेली जाडी नेहमी आतल्या बाजूला घ्यावी: कपाटाचं बाहेरचं माप हिशेबाचं ठेवावं, आतला कप्पा प्रत्येक बाजूने जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने लहान होऊ द्यावा. आतल्या साड्यांच्या घड्या तशाही कापडाच्या जाडीमुळे कमीच मावणार आहेत.