बाळाच्या फोटोतलं थोरलं

तान्ह्या बाळाचे फोटो काढणं बाळामुळे फारसं अवघड होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांतलं बाळ दिवसाचा बराचसा वेळ झोपलेलंच असतं. पोट भरलेलं असलं, खोली उबदार असली आणि दुपट्यात नीट गुंडाळलेलं असलं, की फोटोग्राफरला ते निवांत काम करू देतं. कस लागतो तो शेजारच्या दीड-दोन वर्षांच्या थोरल्या भावंडापाशी. ताईने बाळाला मांडीवर घ्यावं, त्याचा पापा घ्यावा आणि कॅमेऱ्याकडे बघून हसावं, अशी घरच्यांची मागणी असते. या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळून येणं दुर्मीळ. मग टाळ्या, खुळखुळे, चॉकलेटं घेऊन सगळं घर त्या पोरीच्या मागे लागतं. माझ्या मते यात पोरीचं काही चुकत नाही, मागणीच चुकीची असते. थोरल्याला फोटोसाठी बसवू नये. बाळाजवळ करता येईल असं एखादं काम द्यावं आणि बाळाच्या किती जवळ जायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यावं. असा फोटो दिसायलाही उजवा ठरतो आणि त्या घराची त्या दिवसांतली खरी नोंदही होतो.

मुलाने फोटोत स्तब्ध राहावं, ही अपेक्षा जुन्या कॅमेऱ्यांनी लावलेली आहे. १८३९ साली डागेरोटाइपची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्राला काही मिनिटं लागत. पुढे हा वेळ सेकंदांवर आला, तरी तेवढ्यातही मूल हललं की चेहरा पुसट येई. म्हणून व्हिक्टोरियन काळातल्या स्टुडिओंत आईला डोक्यापासून कापड पांघरून बसवत आणि मुलाला तिच्या मांडीवर घट्ट धरायला लावत. आई त्या चित्रात असायची, पण खुर्चीच्या जागी. आज खिडकीतून येणाऱ्या साध्या उजेडातही एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागात फोटो निघतो. पळणारं, वळणारं, खुदकन हसणारं मूल तेवढ्या वेळात स्पष्ट येतं. म्हणजे स्तब्धतेची तांत्रिक गरज केव्हाच संपली, पण आपण मुलाला अजून ‘हलू नकोस’ म्हणतो. दोन वर्षांच्या मुलाला हीच आज्ञा सगळ्यात अवघड जाते.

दुसरी अडचण भावनेची आहे. बाळ घरात आलं की थोरल्याला आनंद व्हायलाच हवा, असं मोठी माणसं गृहीत धरतात. जूडी डन आणि कॅरोल केंड्रिक या संशोधकांनी इंग्लंडमधल्या केंब्रिज परिसरातल्या ४० कुटुंबांत, दुसरं मूल होण्याआधीपासून, थोरल्या मुलांचं निरीक्षण केलं. १९८२ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. बाळ आल्यावर आईचं थोरल्याशी खेळणं-बोलणं घटतं आणि खटके वाढतात, असं त्यांना दिसलं. थोरल्यांच्या वागण्यात हट्ट आणि रडारड होती, तसंच बाळाविषयीचं कुतूहल आणि मायाही होती. ज्या घरांत आई बाळाबद्दल ‘त्याला भूक लागली असेल का गं?’ अशा तऱ्हेने, म्हणजे त्यालाही मन आहे असं धरून बोलायची, त्या घरांत पुढे भावंडांचं जास्त जुळलं. फोटोग्राफरने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. थोरल्याचं मन संमिश्र असतं, तेव्हा निव्वळ प्रेमाची पोझ मागणं म्हणजे त्याच्याकडे नसलेली गोष्ट मागणं. आणि त्याचं कुतूहल मात्र खरं असतं, त्यालाच हाताशी धरावं.

कामाची आखणी त्याप्रमाणे करावी. सुरुवातीचे फोटो थोरल्याचे एकट्या आईबरोबर काढावेत, बाळ तेव्हा आजीकडे असावं. आईची मांडी अजून आपलीही आहे, ही खात्री पटली की पोर मोकळं होतं. त्याची झोप आणि खाणं झाल्यावर, ताजंतवानं असतानाच भावंडांचे फोटो घ्यावेत. दहा मिनिटं झाली की सोडून द्यावं. बाळाचे एकट्याचे फोटो नंतर निघतात, त्याला घाई नसते. कामं साधी असावीत: पायमोजा चढवून बघ, पायाची बोटं मोज, दुपट्याचं टोक सरळ कर, बाळाला झोप आली असेल का ते बघून सांग. बाळाच्या तळव्यावर बोट टेकवलं की जन्मजात प्रतिक्षेपाने त्याची मूठ मिटते. बाळाला त्याचा पत्ताही नसतो, पण थोरल्याला वाटतं की बाळाने आपल्याला धरलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं ते कुठल्याही खुळखुळ्याने येत नाही. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच बऱ्यापैकी दिसतं, त्यामुळे वाकून बघणारं थोरलं खरोखर त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतं. दोघांना गादीवर शेजारी ठेवावं, दोन्ही चेहरे एका पातळीत आणावेत, अॅपर्चर एफ ४ च्या आसपास ठेवावं आणि कॅमेरा पोराच्या उंचीवर उतरवावा. बाळाची मान सावरलेली नसते, तेव्हा मोठ्या माणसाचा हात कायम पोहोचेल इतका जवळ हवा. थोरल्याला सर्दी-खोकला असेल तर तोंडाजवळ जाणं नको. त्या दिवशी दारात उभं राहून बघणारा दादाही चांगला फोटो देतो.

यावर पहिला आक्षेप असा, की बारशाच्या अल्बमला आणि आजीच्या भिंतीला दोघं कॅमेऱ्याकडे बघत असलेला एक तरी फोटो लागतोच. लागतो, आणि तो मागण्यात गैर काही नाही. पण कामात रमलेल्या मुलाला हाक मारली की ते क्षणभर वर बघतं, आणि तो फोटो तिथे मिळतो. वीस मिनिटं विनवण्या करून मिळालेल्या हसण्यात ओठ ताणलेले दिसतात. दुसरा उपाय सुचवला जातो तो दोघांचे वेगवेगळे फोटो काढून संगणकावर जोडण्याचा. जोडकामाला माझा सरसकट विरोध नाही. हनुवटीखाली हात घेतलेल्या बाळाचा फोटो असाच करावा लागतो. डोकं आधाराने धरून दोन फोटो घ्यायचे आणि आधाराचे हात पुसायचे, हाच त्यातला सुरक्षित मार्ग आहे. पण तिथे आपण आधार झाकतो. ताईला बाळाशेजारी चिकटवताना मात्र न घडलेली जवळीक रचतो.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. काम देणं हीसुद्धा मांडणीच, मग तिला खरं का म्हणायचं? मांडणी आहे हे मान्य. गादी आपण सरकवली, पडदा आपण उघडला, पायमोजा आपण हातात दिला. पण पोझमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि मूल चुकलं तर फोटो वाया जातो. कामात उत्तर मुलाकडे असतं. ते पायमोजा स्वतःच्या हातात घालेल, बाळाला खेळण्यातली गाडी देऊ करेल, नाहीतर आईच्या पाठीमागे जाऊन बसेल. यातलं काहीही झालं तरी फोटो होतो, कारण काय दाखवायचं हे त्याने ठरवलेलं असतं. हे घरच्यांना सेशनच्या दिवशी समजावून भागत नाही, तारीख ठरवतानाच सांगावं लागतं. पापा मिळेलच असं वचन देऊ नये, आणि आईच्या पाठीमागून डोकावणारा फोटो निवडीत वगळू नये. ही दोन्ही भावंडं हा अल्बम पुढे चाळतील. धाकट्याला त्यात आपण कसे दिसत होतो ते सापडेल. थोरल्यालाही बाळाच्या अल्बममध्ये प्रॉपखेरीज काही जागा मिळायला हवी.