निळूभाऊ आणि आमची आजी

१३ जुलै २००९ ला निळू फुले पुण्यात वारले. त्या दिवशी वडशाहून आमच्या मधल्या भावाचा फोन आला. म्हणाला, "आजी असती तर आज जेवली नसती." आम्ही भावंडं आधी हसलो, मग कोणालाच पुढं बोलवेना. कारण ह्याच माणसाला आमच्या आजीनं एकेकाळी तोंड भरून शिव्या दिल्या होत्या.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. धानाचा मुलूख. घरची शेती नव्हती. बाबा आणि माय मजुरीला जात. आजीनं तर उभा जन्म मालगुजाराच्या बांधीत रोवणी केली. पुढं खेड्यापाड्यांत व्हिडिओ आला, तेव्हा वस्तीतली पोरं घरटी वर्गणी काढून ब्रह्मपुरीहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणत. पटांगणात चटया पडत आणि एका रात्रीत तीन-तीन सिनेमे होत.

अशाच एका रात्री 'सामना' लागला. १९७५ चा हा सिनेमा डॉ. जब्बार पटेलांचा, लेखन विजय तेंडुलकरांचं. त्यात साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे निळू फुले. गावात भटकत आलेला एक दारुडा मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, हिंदुरावाला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारतो : त्या मारुती कांबळेचं पुढं काय झालं? कांबळे हे नाव ऐकलं आणि चटईवरची माणसं सावरून बसली. नाव ओळखीचं होतं, आणि नाहीसं होणंही ओळखीचं होतं.

आजी मात्र मास्तरकडे पाहतच नव्हती. ती हिंदुरावाकडे पाहत होती. अर्ध्यातच उठली, घरी जाऊन तोंड फिरवून झोपली. सकाळी म्हणाली, "थो खराच मालगुजार हाये. मजुराच्या पोटचा मानूस असा पाहूच शकत नाही."

बाबांना वाचनाचा नाद. किराण्याच्या पुडीचा कागदही ते सरळ करून वाचत. ते म्हणाले, "माय, तो मालगुजार नाही. माळी होता. दुसऱ्याच्या बागेत पाणी घालत होता."

पुढं आम्ही मिळेल तिथून त्यांच्याविषयी वाचलं. निळू फुले यांचा जन्म १९३० चा. घरची गरिबी. सतराव्या वर्षी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागले. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढायची मनात होती, पण भांडवल नव्हतं. सेवा दलाच्या कलापथकात वगनाट्यं करता करता ते रंगमंचावर आले. 'कथा अकलेच्या कांद्याची' ह्या लोकनाट्यानं नाव झालं आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तून सिनेमात पाऊल पडलं. १९७२ ला रंगभूमीवर तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' त्यांनी उभा केला. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये ते सत्तेचा बाजार जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस झाले. १९८४ च्या 'सारांश'मध्ये हिंदी पडद्यावरही ते धटिंगण पुढारी होते. १९९१ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पडद्यावर बायाबापड्यांना वाड्यावर बोलावणारा हा माणूस खऱ्या आयुष्यात डॉ. लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत गावोगाव फिरला, तो सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. चळवळीत आयुष्य घालणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून उभा केलेला हा निधी.

पण त्या सकाळी आजीला एवढंच कळलं की तो माळी होता. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग बराबर हाये. मालगुजाराले का मालूम थो कसा दिसते? खालून पायनाऱ्यालेच मालूम रायते."

आम्ही पुष्कळ पुस्तकं वाचली, भाषणं ऐकली. पण नटाच्या कामाविषयी ह्याहून खरं बोलणं आमच्या कानावर आलं नाही.

१९८९ च्या दिवाळीनंतर गावात मंडई भरली. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हटलं की नाटक आलंच. धान कापून झाले की रात्र-रात्र नाटकं चालतात. त्या वर्षी गावच्या मंडळानं मधल्याला मालगुजाराचं काम दिलं. घरात भडका उडाला. बाबा म्हणाले, "ज्याच्या दारात आम्ही जोडे काढून उभे राहिलो, त्याचाच जोडा घालून पोरगा लोकांपुढं मिरवणार? शोभते का हे?" माय रडायला लागली. मधला जेवणाच्या ताटावरून उठला.

आजीनं निकाल दिला. "करू दे. त्या निळूनं केलं नाही का?"

आणि मग तालीम आमच्याच अंगणात झाली. मधला मिशा पिळून मोठ्यानं ओरडायचा. आजी सूप पाखडता पाखडता म्हणाली, "वरडते कायले? मालगुजार वरडत नव्हता. त्याले वरडाचं कामच पडत नव्हतं. थो हळू बोले, अन् आमाले आयकाले वाकावं लागे." दुसऱ्या दिवशी तिनं सूप खाली ठेवलं, उठून उभी राहिली आणि मजुरी कशी मिळायची ते करून दाखवलं. पैसे हातावर ठेवायचे नाहीत. वरून सोडायचे. ओंजळीत पडले तर पडले, नाही तर चिखलातून वेचायचे. हे आम्हाला तिनं तोवर कधीच सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. बाबा उठून बाहेर गेले.

मंडईच्या रात्री मधल्यानं तो प्रसंग तसाच केला. आवाज हळू, नजर भलतीकडे, आणि हातातली नाणी वरून सोडली. मंचाच्या फळीवर ती खणखणली आणि घरंगळत गेली. एरवी शिट्ट्या मारणारं पब्लिक चिडीचूप झालं. पुढच्या खुर्च्यांवर गावातली मोठी घरं बसली होती. तिथं कोणी मान वर केली नाही. मागं बायकांत बसलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत होत्या. त्यांनी ती नाणी वेचली होती.

सकाळी पाणी भरताना दोन बायांनी मधल्याला शिव्या घातल्या. तो घरी येऊन मायला म्हणाला, "पास झालो." आजी काही बोलली नाही. तिनं त्याच्या ताटात स्वतःची भाकर वाढली. बाबा मात्र पुढच्या वर्षीच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मधला आजही पावसाळ्यात मजुरी करतो आणि हिवाळ्यात वडशाच्या कंपनीबरोबर नाटकं करतो. पैसा बेताचाच. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यानं आपल्याच घरी मान आल्यासारखे पेढे वाटले.

आपल्या घरांत अजूनही म्हणतात, नाटक-सिनेमात पोर बिघडते. बिघडतही असेल. पण आपल्या म्हाताऱ्यांनी जे पाहिलं ते कागदावर फार थोडं आलं आहे. बरंचसं त्यांच्याबरोबर जाळून-पुरून झालं. आमच्या आजीचं तेवढं एक वाचलं, कारण एका माळ्यानं पाटील करून दाखवला आणि तिला बोलावंसं वाटलं. घरात आजी असेल तर रात्री टीव्ही जरा बंद करा आणि तिला विचारा. निळूभाऊंचा सिनेमा लागला असेल तर मात्र तिच्या शेजारी बसून तो पुरा पाहा, आणि पडद्याकडं नको, मधूनमधून तिच्या तोंडाकडं पाहा.